एक पाय जमिनीवर

शाळेच्या क्रीडादिनी चालण्याची शर्यत ठेवली की एक गोष्ट हमखास घडते. पहिल्या तीस-चाळीस मीटरनंतर कुणीतरी पळू लागतो, "सर, तो पळाला!" अशी ओरड होते आणि शर्यतीचा शेवट भांडणात होतो. चालणे नेमके कुठे संपते आणि पळणे कुठे सुरू होते, हा प्रश्न मुलांना त्या क्षणी खरोखरच पडलेला असतो. आपण मात्र पुढच्या वर्षी ती शर्यतच कार्यक्रमातून काढून टाकतो.

याच प्रश्नावर एका खेळाडूची सारी कारकीर्द तोलली गेली. पोलंडचा रॉबर्ट कोझेन्योव्स्की हा तो खेळाडू. (इंग्रजी शिकविणाऱ्यांना हे आडनाव ओळखीचे वाटेल. कादंबरीकार जोसेफ कॉनरॅड यांचे मूळ आडनाव हेच.) त्याचा जन्म ३० जुलै १९६८ रोजी पोलंडच्या आग्नेय भागातील लुबाचूफ या गावी झाला. लहानपणी सांध्यांच्या आजाराने त्याला बराच काळ खेळापासून दूर राहावे लागले होते. पुढे तो चालण्याच्या शर्यतीकडे वळला आणि १९९२ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, बार्सिलोना ऑलिंपिकच्या ५० किलोमीटर शर्यतीत उतरला. पावणेचार तासांहून अधिक काळ चालून तो दुसऱ्या क्रमांकावर स्टेडियमच्या दारापाशी पोहोचला. तिथे पंचाने त्याला लाल फलक दाखविला. तो बाद झाला होता.

त्याचा गुन्हा कोणता? या शर्यतीचे नियम दोन. पहिला असा की, चालणाऱ्याचा जमिनीशी संपर्क सुटलेला माणसाच्या डोळ्यांना दिसता कामा नये. दुसरा असा की, पुढे टाकलेला पाय जमिनीला टेकल्यापासून शरीर त्याच्यावर उभे येईपर्यंत गुडघ्यात वाकता कामा नये. दोष पाहणारे पंच मार्गावर ठिकठिकाणी उभे असतात. तीन वेगवेगळ्या पंचांनी लाल पत्र दिले की खेळाडू बाद. (आता मोठ्या स्पर्धांत तिसऱ्या पत्रानंतर खेळाडूला काही मिनिटे बाजूला थांबवितात आणि चौथ्याला बाद करतात. कोझेन्योव्स्कीच्या काळी ही सवलत नव्हती.)

आता हे नियम पाळणे इतके अवघड का, ते पाहू. चालताना आपला टेकलेला पाय सरळ असतो आणि शरीर त्याच्यावरून कमानीसारख्या मार्गाने पुढे जाते. हा उलटा लंबकच म्हणायचा. नेहमीचा लंबक वर टांगलेल्या बिंदूभोवती झुलतो, आपण खाली टेकलेल्या पावलाभोवती झुलतो. कमान चढताना गतिज ऊर्जेची स्थितिज ऊर्जा होते, उतरताना ती परत मिळते. म्हणूनच रमतगमत चालणे इतके स्वस्त पडते.

पण वर्तुळाकार मार्गावर फिरायचे तर अभिकेंद्री बल हवे. इथे ते केंद्राकडे, म्हणजे खाली, पावलाच्या दिशेने हवे. पाऊल जमिनीला चिकटवलेले नाही, तेव्हा ते शरीराला खाली खेचू शकत नाही. उरते फक्त गुरुत्वाकर्षण. वेगाचा वर्ग भागिले पायाची लांबी ही राशी गुरुत्व त्वरणापेक्षा मोठी झाली, की शरीर कमान सोडून सरळ पुढे निघते आणि पाऊल जमिनीवरून उचलले जाते. पायाची लांबी ०.९ मीटर धरली, तर ही मर्यादा ९.८ गुणिले ०.९ याचे वर्गमूळ, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ मीटर येते. प्रत्यक्षात आपण त्याच्या बरेच आधी, सेकंदाला २ मीटरच्या आसपास, आपोआप पळू लागतो, कारण त्या वेगाला पळणेच कमी खर्चाचे ठरते. चंद्रावर गुरुत्व त्वरण सहाव्या हिश्श्याएवढे, म्हणून तिथली मर्यादा जेमतेम १.२ मीटर. अपोलोचे अंतराळवीर तिथे उड्या मारत का फिरत, याचे कारण बरेचसे यात आहे.

कोझेन्योव्स्कीने २००३ साली पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत ५० किलोमीटर अंतर ३ तास ३६ मिनिटे ३ सेकंदांत चालून विश्वविक्रम केला. मुलांना भागाकार करू द्या. वेग येईल सेकंदाला ३.८६ मीटर. म्हणजे १०० मीटरला २६ सेकंद, आणि तसे पाचशे वेळा! आपण काढलेल्या मर्यादेच्या हा कितीतरी पुढचा वेग आहे. मग गणित चुकले काय?

गणित चुकले नाही. त्रिज्या बदलली. ३.८६ चा वर्ग ९.८ ने भागला तर दीड मीटर येतात. म्हणजे या वेगाने जमिनीवर टिकायचे, तर शरीराचा गुरुत्वमध्य निदान दीड मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून, म्हणजे बऱ्याच सपाट कमानीवरून, न्यायला हवा. पाय लांब करता येत नाहीत, पण कंबर हलविता येते. शरीर टेकलेल्या पायावर उभे येते, तेव्हा हे खेळाडू कमरेची दुसरी बाजू खाली सोडतात. त्यामुळे कमानीचा माथा बसतो. शिवाय पाऊल टाकताना त्या बाजूची कंबर पुढे फिरवितात. त्यामुळे पाऊल लांबते. प्रेक्षकांना ज्या चालीचे हसू येते, ती अशी भूमितीतून आलेली आहे. किंमतही मोजावी लागते. पळताना गुडघा वाकतो, कंडरा ताणल्या जातात आणि स्प्रिंगसारखी ऊर्जा परत देतात. इथे दुसरा नियम ती सोय काढून घेतो. त्यामुळे त्याच वेगाने पळण्यापेक्षा असे चालणे अधिक दमविते.

इतके करूनही पाऊल अजिबात सुटत नाही, असे नाही. वेगवान कॅमेऱ्याने पाहिले, तर अव्वल खेळाडूंचे दोन्ही पाय बहुतेक पावलांना क्षणभर हवेत असतात. हा काळ सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या, म्हणजे ०.०४ सेकंदाच्या, आत असेल तर पंचाच्या डोळ्यांना तो सहसा कळत नाही. तेवढ्या वेळात शरीर किती वर जाते? गुरुत्व त्वरण गुणिले काळाचा वर्ग भागिले आठ, म्हणजे अवघे २ मिलिमीटर! नियमात 'माणसाच्या डोळ्यांना' हे शब्द आहेत ते यामुळेच. आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे. मोजता येत असूनही मोजायचे नाही, हे आम्हांला प्रथम खटकले. बुटात संवेदक बसविण्याचे प्रयत्नही झाले आहेत. पण काटेकोर मोजले तर अंतिम रेषेपाशी कितीजण उरतील, हाही प्रश्नच आहे.

बार्सिलोनानंतर कोझेन्योव्स्कीने हा खेळ सोडला असता, तर कुणी नवल केले नसते. तो १९९६ साली अटलांटात पुन्हा ५० किलोमीटरला उभा राहिला आणि ३ तास ४३ मिनिटे ३० सेकंदांत सुवर्णपदक घेऊन गेला. २००० साली सिडनीत २० किलोमीटरच्या शर्यतीत मेक्सिकोचा बर्नार्डो सेगुरा प्रथम आला. अभिनंदनासाठी देशाच्या अध्यक्षांचा दूरध्वनी आला. त्यांच्याशी बोलणे चालू असतानाच अधिकाऱ्याने येऊन सांगितले, की तिसरे लाल पत्र लागले आहे. सुवर्णपदक दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या कोझेन्योव्स्कीला मिळाले. स्टेडियमच्या दारापाशी थांबविले जाणे म्हणजे काय, हे त्याच्याहून कुणाला अधिक ठाऊक असणार? आठवड्याभराने तिथेच त्याने ५० किलोमीटरही जिंकले. एकाच ऑलिंपिकमध्ये ही दोन्ही अंतरे जिंकणारा तो पहिला. २००४ साली अथेन्समध्ये त्याने याच अंतराचे सलग तिसरे सुवर्ण मिळविले आणि स्पर्धांचा निरोप घेतला. पुरुषांची ५० किलोमीटर शर्यत ऑलिंपिकमध्ये शेवटची झाली ती २०२१ साली, टोकियो ऑलिंपिकमध्ये. तीही पोलंडच्याच दाविद तोमालाने जिंकली.

कमान प्रत्यक्ष पाहायची असेल, तर व्हरांड्याच्या लांब भिंतीवर जुने कागद चिकटवा. मुलाने कमरेच्या हाडापाशी खडू घट्ट धरून, त्याचे टोक भिंतीला टेकवून, आधी नेहमीसारखे आणि मग कंबर हलवीत भरभर चालावे. शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही हे करून पाहिले. पहिल्या खेपेला लाटा स्वच्छ उमटल्या. दुसऱ्या खेपेला त्या बसक्या होतील अशी अपेक्षा होती, पण बहुतेकांच्या लाटा उलट वेड्यावाकड्या आल्या. एका शिक्षिकेची रेघ मात्र चांगलीच सपाट निघाली. डोक्यावर हंडा घेऊन चालायची लहानपणापासून सवय आहे, एवढेच त्या म्हणाल्या. मग मैदानावर १०० मीटर चालण्याची वेळ घेतली. सर्वांत कमी ४३ सेकंद लागले, आणि तेव्हाही "पळाले, पळाले!" अशी ओरड झालीच.