कुंपणापलीकडचे मैदान

खेळावरच्या चित्रपटाचा शेवट काय होणार, हे तिकीट काढतानाच आपल्याला ठाऊक असते. एक हरणारा संघ असतो, वरून कडक पण आतून मऊ असा प्रशिक्षक असतो, चिखलातला सराव असतो, घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलेले असते आणि शेवटच्या मिनिटाला चेंडू जायचा तिथेच जातो. सगळे माहीत असूनही आपण अंधारात हळूच डोळे पुसतो. शेजारी बसलेल्या सौ.ना ते दिसू नये म्हणून चष्म्याची काच पुसण्याचे निमित्त करतो. असे का होते? चेंडू रेषेपलीकडे गेला म्हणून कुणी रडत नाही. त्या चेंडूबरोबर आणखी काहीतरी पलीकडे गेलेले असते. कुणाच्या बापाचा अपमान असतो, कुणाच्या वस्तीची बदनामी असते, तर कुणाची वर्षानुवर्षे दाबून ठेवलेली हौस असते.

ही हातोटी अमेरिकन चित्रपटवाल्यांना फार लवकर साधली, आणि तीही त्यांच्या कॉलेजच्या मैदानावर. तिकडचा फुटबॉल हा आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबुळका, दोन्ही टोकांना निमुळता. तो पायापेक्षा हातानेच जास्त खेळायचा. अंगावर चिलखत, डोक्यावर शिरस्त्राण आणि अकरा जणांनी अकरा जणांवर तुटून पडायचे! ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांत पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला, तेव्हापासून या खेळाने तिथल्या शनिवारचा ताबा घेतला आहे. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एका वेळी एक लाख सात हजारांहून अधिक माणसे बसतात. विद्यापीठाच्या मैदानात, बरे का! आपल्याकडे एवढी गर्दी जमते ती वारीला, नाहीतर नाथषष्ठीला.

सत्तावीस सेकंदांचे आयुष्य

पडद्याला ही गर्दी मोहात पाडणार, यात नवल नव्हते. मूकपटांच्या काळातच, १९२५ साली, हॅरॉल्ड लॉइडने ‘द फ्रेशमन’मध्ये फुटबॉलच्या नादी लागलेल्या भोळ्या कॉलेजकुमाराची धमाल उडवून दिली. पुढे १९४० साली नोट्र डेम विद्यापीठाचे विख्यात प्रशिक्षक नूट रॉकनी यांच्यावर चित्रपट निघाला. त्यात अकाली मृत्यू पावलेल्या जॉर्ज गिप या खेळाडूची छोटीशी भूमिका रोनाल्ड रेगन यांनी केली होती. भूमिका लहान, पण ‘गिपर’ हे टोपणनाव त्यांना असे चिकटले की, अध्यक्षपदापर्यंत ते त्यांच्याबरोबर गेले.

या साऱ्यांत घरोघरी पोचला तो १९९३ सालचा ‘रुडी’. गिरणीकामगारांच्या वस्तीतला, अंगाने किरकोळ, अभ्यासात बेताचा असा हा मुलगा. नोट्र डेमच्या संघात खेळायचे एवढाच त्याचा ध्यास. दोन वर्षे तो सरावात दांडग्या खेळाडूंचा मार खातो आणि अखेर १९७५ साली घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात त्याला खेळायला उतरायला मिळते ते फक्त सत्तावीस सेकंद! या सत्तावीस सेकंदांसाठी दोन तासांचा चित्रपट. गोष्ट खरी आहे, माणूसही खरा आहे. मात्र रुडीला संधी मिळावी म्हणून सगळा संघ एकेक करून आपला गणवेश प्रशिक्षकाच्या टेबलावर आणून ठेवतो, हा ज्या प्रसंगी प्रेक्षक हमखास रडतो तो प्रसंग प्रत्यक्षात घडलाच नव्हता. प्रशिक्षकाला खलनायक केल्याशिवाय नायक उंच दिसत नाही, हा पडद्याचा जुना हिशेब.

सगळेच चित्रपट असे गोड शेवटाचे नाहीत. १४ नोव्हेंबर १९७० रोजी मार्शल विद्यापीठाचा संघ सामना खेळून परतत असताना विमान कोसळले आणि पंच्याहत्तर माणसे दगावली. त्यांत सदतीस खेळाडू होते. एका लहानशा गावाने या दुःखातून पुन्हा संघ कसा उभा केला, त्याची कथा २००६ च्या ‘वुई आर मार्शल’मध्ये आहे. २००८ चा ‘द एक्स्प्रेस’ हा अर्नी डेव्हिसचा चित्रपट. सर्वोत्कृष्ट कॉलेज खेळाडूचा हाइझमन सन्मान १९६१ साली मिळवणारा हा पहिला कृष्णवर्णीय तरुण. व्यावसायिक संघाने त्याला घेतले. पण एकही सामना खेळायच्या आत रक्ताच्या कर्करोगाने त्याला गाठले. १९६३ साली तो गेला, तेव्हा अवघा तेवीस वर्षांचा होता.

माहितीपट खोटे बोलू देत नाहीत

चित्रपट टाळ्या मिळवून थांबतो. पडदा पडल्यावर काय झाले, हे माहितीपट विचारतो. ‘हार्वर्ड बीट्स येल २९-२९’ हा २००८ सालचा माहितीपट या दृष्टीने फार गोड आहे. १९६८ साली दोन्ही संघ अजिंक्य असताना त्यांची गाठ पडली. शेवटची बेचाळीस सेकंद उरली तेव्हा हार्वर्ड सोळा गुणांनी मागे होते, आणि तेवढ्यात त्यांनी बरोबरी साधली! विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने ‘हार्वर्डने येलला हरवले, २९-२९’ असा मथळा दिला. चाळीस वर्षांनी साठीतले ते खेळाडू कॅमेऱ्यासमोर बसून त्या दुपारबद्दल बोलतात. व्हिएतनामचे युद्ध, त्या काळची प्रेमे, वडिलांचे धाक हे सारे त्या बोलण्यात येते. पुढे अभिनेता म्हणून गाजलेला टॉमी ली जोन्सही त्यांत आहे.

‘पोनी एक्सेस’ हा २०१० सालचा माहितीपट मात्र कडू औषधासारखा. टेक्ससमधल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने खेळाडूंना चोरून पैसे दिले आणि शिक्षा म्हणून १९८७ चा त्यांचा सगळा हंगामच रद्द झाला. यातली गंमत पाहा. मैदान भरून पैसा वाहतो, अनेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर हा विद्यापीठाचा फुटबॉल प्रशिक्षक असतो. पण ज्याची हाडे मोडतात त्या मुलाने शिष्यवृत्तीपलीकडे छदाम घ्यायचा नाही! ही बंदी जुलै २०२१ पासून सैल झाली आणि मुलांना आपल्या नावावर व छायाचित्रावर कमाई करता येऊ लागली. विद्यापीठांनी थेट पैसे देण्याची वाट तर २०२५ साली मोकळी झाली.

‘लास्ट चान्स यू’ ही २०१६ पासूनची मालिका मिसिसिपीतल्या एका लहान कॉलेजात जाते. मोठ्या विद्यापीठांतून गळालेली मुले इथे शेवटची संधी शोधायला येतात. प्रशिक्षकाच्या आरडाओरडीपेक्षा लक्षात राहते ती ब्रिटनी वॅग्नर ही शैक्षणिक सल्लागार. वर्गात जाणाऱ्या धिप्पाड पोरांना ती रोज एकच विचारते, पेन्सिल घेतली का? खेळाच्या सगळ्या झगमगाटात कुणीतरी पेन्सिलीची आठवण ठेवणारे लागते, हे त्या मालिकेने न बोलता सांगितले.

नागपूरची भिंत

आता आपल्याकडे वळू. कॉलेज, मैदान आणि फुटबॉल यांची सांगड घालणारी खरी गोष्ट महाराष्ट्रात घडली ती नागपुरात. हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली भर पावसात झोपडपट्टीतली पोरे फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली. त्यांनी पोरांच्या हाती चेंडू दिला. त्यातून ‘झोपडपट्टी फुटबॉल’ उभा राहिला आणि त्याचीच पुढे ‘स्लम सॉकर’ ही संस्था झाली. या संस्थेत घडलेला अखिलेश पॉल २०१० साली रिओ दि जानेरोच्या बेघरांच्या विश्वचषकात भारताचा कर्णधार होता. २०१४ साली ‘सत्यमेव जयते’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून ही कहाणी घरोघरी गेली.

तिच्यावरून नागराज मंजुळे यांनी केलेला ‘झुंड’ मार्च २०२२ मध्ये आला. अमिताभ बच्चन त्यात विजय बोराडे झाले. मुले मात्र बहुतेक नागपूरच्या वस्त्यांतलीच, कॅमेऱ्यासमोर प्रथमच उभी राहिलेली. अंकुश गेडाम या तरुणाला तर पदार्पणाचा फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला.

अमेरिकन चित्रपट आणि ‘झुंड’ एकापाठोपाठ पाहिले म्हणजे मोठा फरक ध्यानात येतो. रुडीपुढचा प्रश्न होता, संघात जागा मिळेल का? ‘झुंड’मधल्या पोरांपुढचा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. मैदानाच्या आत पाऊल टाकता येईल का? या चित्रपटातले खरे खलपात्र म्हणजे कॉलेज आणि वस्ती यांच्यामधली भिंत. तिच्या एका बाजूला हिरवळ, दुसऱ्या बाजूला उकिरडा. पुढे सामना होतो, संघ जमतो, परदेशी जाण्याची वेळ येते, तेव्हा भिंतीची रूपे फक्त बदलतात. आदिवासी मुलीच्या बापाला पारपत्रासाठी आपली ओळख सिद्ध करत दारोदार हिंडावे लागते. माणूस समोर उभा आहे, पण कागद नाही! डॉन या पोराची विमानतळावरच्या तपासणी यंत्रातून जाताना होणारी घालमेल पाहताना आपणही श्वास रोखून धरतो. अंतिम सामन्याच्या गोलपेक्षा त्या दरवाजातून त्याचे आत जाणे मोठे वाटते.

चित्रपट तीन तासांच्या घरात जातो, मध्ये रेंगाळतो, उपदेशही करतो. तरी तो मनात राहतो, कारण ती भिंत आपल्या ओळखीची असते.

वाळवंटातले मूल

पैठणच्या माणसाला तर ती ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. गोदेच्या तापलेल्या वाळवंटात पोळणारे अस्पृश्याचे मूल नाथांनी उचलून कडेवर घेतले, ही कथा इथल्या लेकरांना आजीच्या मांडीवर ऐकायला मिळते. मूल कुणाचे, हे नाथांनी आधी विचारले नाही. पाय भाजताहेत एवढेच पाहिले. या नाथांवर व्ही. शांताराम यांनी प्रभातसाठी १९३५ साली चित्रपट केला. बालगंधर्व त्यात प्रथमच पडद्यावर आले. नाव ठेवले होते ‘महात्मा’. पण गांधीजींच्या चळवळीची छाया दिसल्याने मुंबईच्या सेन्सॉरने ते अडवले आणि चित्रपट ‘धर्मात्मा’ म्हणून झळकला. अस्पृश्याच्या घरी पंगतीला बसणारा पैठणचा संत सरकारला एवढा अवघड वाटला! ‘धर्मात्मा’ आणि ‘झुंड’ यांच्यात सत्त्याऐंशी वर्षे गेली. पंगतीची जागा मैदानाने घेतली. आत कोण आणि बाहेर कोण, हा सवाल तोच राहिला.

आपल्या मैदानांचे काय?

आपल्याकडे खेळाचे वेड नाही, असे म्हणण्यात अर्थ नाही. कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर भिडतात तेव्हा पेठांमधली घरे ओस पडतात. आपल्या मराठवाड्यातही खो-खो, कबड्डी आणि कुस्तीला गावेच्या गावे लोटतात. वेड आहे, पण त्याला आपण कॉलेजशी जोडले नाही. अमेरिकेने ते इतके जोडले की, शिक्षणच मागे पडले. आपण इतके तोडले की, क्रीडा विभाग म्हणजे कपाटातले दोन चेंडू आणि भिंतीवरचे एक जुने छायाचित्र, एवढ्यावर अनेक ठिकाणी काम भागते. संध्याकाळी वर्ग सुटले की फाटकाला कुलूप. आत गवत वाढते, बाहेर रस्त्यावर वाहने चुकवीत पोरे खेळतात.

घरातली भिंत आणखी वेगळी. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात, दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात, हे पालकांना पाठ असते. त्यामुळे खेळापेक्षा प्रमाणपत्राला मोल येते. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे मराठवाड्यातही गाजली, ती काही आकाशातून पडली नव्हती. टेक्ससमध्ये पैशाने जे बिघडवले, ते आपल्याकडे शिक्क्याने बिघडवले. आणि मुलींचे काय? बारावीपर्यंत विभागीय पातळीवर धावणारी मुलगी पुढच्या वर्षी मैदानावर का दिसत नाही, हे कुणी विचारायला जात नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत असते. तिच्यासाठी स्थळे पाहणे सुरू झालेले असते.

चित्रपटातल्यासारखा तारणहार गुरुजी प्रत्येक गावाला मिळेल, अशी वाट पाहत बसण्यात हशील नाही. बारसे यांचे मोठेपण आहेच. पण त्यांच्या कामाची सुरुवात एका साध्या कृतीने झाली होती. त्यांनी एक चेंडू दिला आणि खेळायला जागा दिली. तेवढे तर कुठल्याही महाविद्यालयाला जमण्यासारखे आहे. संध्याकाळी दोन तास फाटक उघडे ठेवावे, देखरेखीला एखादा निवृत्त शिक्षक बसवावा. गवतावर चार पावलांचे ठसे उमटले तर मैदानाचे काही बिघडत नाही. मैदान त्यासाठीच असते.

आणखी एक काम आपल्या तरुण पोरांनी करावे. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. आंतरमहाविद्यालयीन सामन्याला बसमधून उभ्याने जाणारा संघ, उसने घेतलेले बूट, सामना हरल्यावर वडापाववर केलेला समेट, आणि खेळ सुटलेल्या त्या मुलीशी दोन शब्द, हे कुणीतरी टिपून ठेवायला हवे. हार्वर्डच्या म्हाताऱ्यांची एक दुपार जगाने पाहिली. आपल्या पोरांच्या दुपारी कुणी पाहिल्या नाहीत, म्हणून त्या घडल्याच नाहीत असे होत नाही.

यंदा सुटीत मुलांबरोबर ‘झुंड’ जरूर पाहा, जमल्यास ‘रुडी’ही पाहा. पाहून झाल्यावर डोळे पुसा, त्याला हरकत नाही. मग संध्याकाळी फिरायला निघालात की गावातल्या कॉलेजच्या फाटकापाशी क्षणभर थांबा आणि कुलूप आहे की नाही, तेवढे बघून या.