अनंत पै आणि ‘अमर चित्र कथा’ : एका वारशाचे पुनर्वाचन

प्रस्तावना

प्रथम वर्षाच्या वर्गात अकबर, मीराबाई किंवा छत्रपती शिवाजी महाराज यांचा विषय निघाला की विद्यार्थ्यांच्या मनात एक चित्र अगोदरच सिद्ध असते, असा बहुतेक अध्यापकांचा अनुभव असेल. ते चित्र पाठ्यपुस्तकातलेच असते असे नाही. पुष्कळदा ते ‘अमर चित्र कथे’च्या बत्तीस पानांतून आलेले असते, आणि प्रांजळपणे सांगायचे तर टेबलामागे उभ्या असलेल्या अध्यापकाच्या मनातलेही त्याहून फारसे वेगळे नसते. चारशेहून अधिक शीर्षके आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांतील आवृत्त्या असा विस्तार असलेल्या या मालिकेचे संपादक अनंत पै (१९२९-२०११) यांच्या वारशाचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मालिकेचा उगम

कर्नाटकातील कारकळ येथे जन्मलेले पै लहानपणीच मातापित्यांना पारखे झाले. बाराव्या वर्षी ते मुंबईस आले आणि पुढे तेथे त्यांनी रसायन तंत्रज्ञानाचे शिक्षण घेतले. टाइम्स समूहात असताना १९६४ साली सुरू झालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’च्या कामाशी त्यांचा निकटचा संबंध आला. मराठी वाचकांच्या घरी ‘वेताळ’ पोहोचला तो याच मालिकेतून. पुढे १९६७ साली दिल्लीत दूरदर्शनवरील एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक पुराणातील देवांचे निवासस्थान सांगता आले, परंतु रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही. ‘अमर चित्र कथे’ची प्रेरणा म्हणून पै हा प्रसंग नेहमी सांगत.

उगमकथा मात्र इतकी सरळ नाही. इंडिया बुक हाउस या प्रकाशनसंस्थेने काढलेल्या मालिकेचे पहिले दहा अंक पाश्चात्त्य परीकथांचे होते. भारतीय कथा आली ती अकराव्या अंकात, आणि तो अंक ‘कृष्ण’ होय. संस्थेच्या बंगळूर शाखेतील जी. के. अनंतराम यांनी मूळ कल्पना आपली असल्याचे सांगितले आहे. पै यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि ‘जनक’ हा एकवचनी शब्द येथे जपून वापरावा लागतो.

चित्रे कोणाची?

पै स्वतः चित्रकार नव्हते. ‘कृष्ण’ची संहिता त्यांची, चित्रे राम वाईरकरांची. शिवाजी महाराजांवरील अंक प्रताप मुळीक यांनी चितारला. १९८५ ते १९८९ या काळात बेचाळीस अंकांतून प्रसिद्ध झालेले ‘महाभारत’ मुख्यतः दिलीप कदम यांच्या कुंचल्यातून उतरले. पै यांनीच १९८० साली सुरू केलेल्या ‘टिंकल’मधील सुप्पांडी वाईरकरांनी आणि शिकारी शंभू वसंत हळबे यांनी रेखाटला. अखिल भारतीय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या दृश्यविश्वाचा मोठा भाग मराठी हातांनी घडविला, याची नोंद आपल्या कलासमीक्षेने फारशी घेतलेली नाही. मुलांची पत्रे मात्र ‘अंकल पै’ यांना येत. मुळीकांनी पुढे राज कॉमिक्सच्या ‘नागराज’वरही काही वर्षे काम केले, त्या चाहत्यांपैकी किती जणांना ‘शिवाजी’ची पाने आठवत असतील, हा एक वेगळाच प्रश्न आहे.

आक्षेप

या मालिकेवरील आक्षेप सर्वपरिचित आहेत. नायक गोरे, असुर काळे आणि आडदांड; ‘पद्मिनी’सारख्या अंकात जोहाराला आलेले तेजोवलय; मध्ययुगाची हिंदू प्रतिकार आणि मुस्लिम आक्रमण अशा चौकटीत बसविलेली मांडणी. नंदिनी चंद्रा (२००८) आणि कार्लाइन मॅक्लेन (२००९) यांच्या ग्रंथांत याची सविस्तर चर्चा आहे. जॉन स्ट्रॅटन हॉली यांनी संतचरित्रांकडे लक्ष वेधले आहे. कुलमर्यादा झुगारणारी मीरा येथे आदर्श पत्नी म्हणून समोर येते आणि तिच्या बंडाची धार बोथट होते. परंतु याच ‘मीराबाई’ची चित्रे युसुफ लीन या मुस्लिम चित्रकाराची आहेत. संपूर्ण मालिका एका विचारप्रणालीचे प्रचारपत्रक होती असे म्हणणाऱ्यांना हा तपशील अडचणीचा वाटतो. तसेच ‘सर्वसमावेशक राष्ट्रीय उपक्रम’ म्हणून तिची भलावण करणाऱ्यांना ‘पद्मिनी’ अडचणीची वाटावी.

महाडचे पाणी

रायगड जिल्ह्यातील अध्यापकाला या संदर्भात एक उदाहरण विशेष जवळचे वाटते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. ‘अमर चित्र कथे’त बाबासाहेबांवरील अंक आला तो १९७९ साली, म्हणजे मालिका सुरू झाल्यानंतर बारा वर्षांनी. त्याची चित्रेही दिलीप कदम यांचीच. अंक निघाला हे पै यांच्या बाजूने नोंदविलेच पाहिजे. त्या काळी इंग्रजीतून शिकणाऱ्या मध्यमवर्गीय मुलांच्या वाचनात बाबासाहेब क्वचितच येत. परंतु मालिकेच्या साच्यात चरित्रनायक एकटा असतो. गरिबी, कष्ट, विद्या, यश या पायऱ्या तो चढत जातो. महाडचा सत्याग्रह मात्र हजारोंचा होता, आणि पाण्याचा तो प्रश्न एका महापुरुषाच्या चरित्रात मावणारा नव्हता.

२०११ साली, म्हणजे पै यांचे निधन झाले त्याच वर्षी, ‘नवायन’ने ‘भीमायन’ प्रसिद्ध केले. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांच्या संहितेला दुर्गाबाई व सुभाष व्याम या गोंड कलावंतांची चित्रे आहेत. पात्रांना चौकोनात कोंडण्यास या दांपत्याने नकार दिला, त्यामुळे पानांवर नेहमीच्या चौकटीच नाहीत. त्यांच्या जागी गोंड परंपरेतील दिग्ना वळणे घेत जाते. पाणी, निवारा आणि प्रवास या तीन अनुभवांभोवती कथन फिरते.

ही दोन्ही पुस्तके वर्गात शेजारी ठेवून एकच प्रसंग वाचावयास दिला, तर विद्यार्थी आधी विचारतात ते ‘यातले खरे कोणते?’ दोन्हींत घटना तीच असल्याचे ध्यानात आल्यावर दुसरा प्रश्न येतो : मग चित्र कोणी काढायचे, हे ठरवतो कोण? पै यांच्या कार्यालयात या प्रश्नाचे उत्तर संपादकाच्या मेजावर ठरत असे. त्याच उत्तरावर आपल्यापैकी अनेकांचे बालपण पोसले गेले आहे, आणि त्याविषयीची कृतज्ञता लपविण्याचे मला कारण दिसत नाही.