विषय बदलायचा कसा?

पुण्याहून जपानी शिकून इथे येणारी आपली मंडळी व्याकरणात पक्की असतात. जेएलपीटी ही परीक्षा १९८४ साली सुरू झाली. २०१० पासून तिच्या एन-५ ते एन-१ अशा पाच पायऱ्या आहेत. पण एकाही पायरीवर बोलण्याची परीक्षा नाही! त्यामुळे कांजी येतात, पेपर वाचता येतो, आणि बालवाडीच्या दारात कुणी "दुसऱ्याचा विचार नाही का?" किंवा "भारतात कायमचे परत कधी जाणार?" असं सहज विचारलं की आपली बोबडी वळते. खरं सांगायचं नसतं, खोटं बोलवत नाही आणि गप्प बसलं तर शिष्टपणा वाटतो. या धास्तीने आपल्यातल्या काही जणी इतर आयांच्या चहापाण्याला जायच्याच बंद होतात. नुकसान भाषेचं नाही, शेजाराचं होतं.

वास्तविक जपानीत याची चोख सोय आहे. गिअर बदलण्याआधी क्लच दाबावा, तसे काही शब्द आधी टाकायचे. "सो इएबा" म्हणजे "हो, त्यावरून आठवलं". याने विषय अलगद वळतो. "तोकोरोदे" म्हणजे आपलं "बरं, ते राहू दे, पण". "हानाशी वा कावारिमासु गा" म्हणजे विषय बदलतोय हे सरळ सांगून बदलणं, ऑफिसातही चालतं. जपानी पत्रात ऋतूविषयी दोन ओळी झाल्या की "साते" लिहून कामाचं सुरू करतात, अगदी आपल्या "विनंती विशेष"सारखं.

विषय टाळायचाच असेल तर "मा, इरोइरो आरिमाशिते", म्हणजे "आहेत हो, बऱ्याच गोष्टी". सूर हसरा ठेवावा आणि वाक्य तिथेच सोडावं. समोरचा सहसा पुढे विचारत नाही. मग "सो इएबा" म्हणून त्यांच्याच मुलाची चौकशी करावी. नुसतं टाळून थांबलं तर गाडी न्यूट्रलमध्येच राहते!

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. जेवायचं आमंत्रण दिल्यावर समोरून "दोयोबी वा चोत्तो..." आलं, तर "शनिवार जरा..." एवढंच ऐकून आपण "मग रविवारी? नाहीतर पुढच्या आठवड्यात?" असा पिच्छा पुरवतो. तो अर्धवट "चोत्तो" हा बहुधा पूर्ण नकार असतो. "कांगाएते ओकिमासु", म्हणजे "विचार करून ठेवतो", हेही पुष्कळदा तसंच. कामाच्या बोलण्यात त्याला होकार धरून वेळापत्रक आखलं, तर पुढे पंचाईत होते.

यात आपल्याला परकं काय आहे? बाहेर पडणाऱ्याला "कुठे?" विचारू नये हे आपल्याला आजीने शिकवलं. इथे शेजारीण "ओदेकाके देसु का?" म्हणजे "बाहेर निघालात वाटतं?" असं विचारते, आणि "चोत्तो सोको मादे" म्हणजे "जरा इथपर्यंत" या उत्तरावर ती खूश असते. पत्ता तिलाही नको असतो. आपलं "बघू" हे तर "कांगाएते ओकिमासु"चं सख्खं भावंडच!

तेव्हा नवीन आलेल्यांना मंडळाच्या जपानी वर्गात क्रियापदांच्या रूपांबरोबर ही पाच-सहा वाक्यंही घोकून घ्यायला लावू या. दोघी-दोघींनी समोरासमोर बसून, एकीने नको ते विचारायचं आणि दुसरीने हसत वळवायचं. पाठ झालं की चहाला जायची भीती राहणार नाही.

आणि मराठीत एवढं सगळं एकाच शब्दात होतं, तो शब्द म्हणजे, असो!