पुस्तकाने दिलेलं नाव

मराठवाड्यात नुसतं ‘स्वामीजी’ म्हटलं की आधी डोळ्यांसमोर येतात ते स्वामी रामानंद तीर्थ. हे नाव त्यांना घरातून मिळालेलं नव्हतं. विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगी गावी 3 ऑक्टोबर 1903 रोजी जन्मलेले व्यंकटेश भगवानराव खेडगीकर रामानंद तीर्थ झाले ते आपल्या धाराशिव जिल्ह्यात, हिप्परग्याला. आणि त्या नावाच्या मुळाशी पुस्तकं आहेत.

सोलापुरात शिकत असताना, 1920 साली, टिळक गेल्याची बातमी त्यांनी ऐकली आणि आजन्म अविवाहित राहून देशाचं काम करायचं ठरवलं. वय सतराच्या आत. असे संकल्प त्या पिढीत पुष्कळांनी केले, पुष्कळांचे विरूनही गेले. यांचा टिकला, कारण त्याला वाचनाचं खतपाणी मिळत राहिलं. पुण्याच्या टिळक महाविद्यालयात त्यांनी प्रबंध लिहिला तो लोकशाहीच्या विकासावर. नंतर कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केलं.

याच वाटेवर त्यांना स्वामी रामतीर्थ भेटले, तेही छापील पानांतून. रामतीर्थ लाहोरला गणिताचे प्राध्यापक होते. नोकरी आणि संसार सोडून त्यांनी संन्यास घेतला, जपान-अमेरिकेत व्याख्यानं दिली, आणि 1906 साली, वयाची 33 वर्षं पुरी होण्याआधीच, टिहरीजवळ नदीत देह ठेवला. त्यांची व्याख्यानं ‘इन वूड्स ऑफ गॉड-रियलायझेशन’ या नावाने ग्रंथरूपात आली. त्यांतला वेदान्त माणसाला गुहेत पाठवत नाही. देश हे आपलंच शरीर आहे, त्याची वेदना ती आपली वेदना, आणि काम हीच उपासना, असं तो सांगतो. लोकशाहीचा अभ्यास केलेल्या आणि ब्रह्मचर्याचा संकल्प केलेल्या तरुणाला या विचारात आपल्या आयुष्याची दोन्ही टोकं जुळलेली दिसली असणार, असं मला वाटतं.

हिप्परगा रवा हे आजच्या लोहारा तालुक्यातलं गाव. तिथे 1921 पासून राष्ट्रीय शाळा चालत होती. निजामाच्या हैदराबाद राज्यात शिक्षणाची सरकारी भाषा उर्दू. खासगी शाळा काढायची तर परवानगी, सभा घ्यायची तर परवानगी. सभांवरच्या बंधनाचं परिपत्रक ‘गश्ती निशाण 53’ जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. अशा ठिकाणी 1929 साली खेडगीकर मुख्याध्यापक म्हणून आले. ज्याने लोकशाहीवर प्रबंध लिहिला त्याला आता पोरांसमोर उभं राहायचं होतं ते मतदानाचा अनुभवच नसलेल्या मुलखात. इथेच त्यांनी संन्यास घेतला. दीक्षा मिळाली ती रामतीर्थांच्या परंपरेतली, आणि नावात रामतीर्थ कायमचे आले. वाचलेलं पुस्तक स्वतःच्या नावावर बांधून घेणारा वाचक विरळाच.

भगवी वस्त्रं आली, तरी शाळा सुटली नाही. 1935 मध्ये ते मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, योगेश्वरी शाळेत गेले. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले. मग तुरुंग, पुन्हा तुरुंग. 17 सप्टेंबर 1948 चा, निजामी राजवटीतून मुक्तीचा दिवस उजाडला तोवर मराठवाड्यातल्या हजारो तरुणांसाठी हा संन्यासी चालतंबोलतं पुस्तक झाला होता. पुढे 1952 आणि 1957 साली ते लोकसभेवर निवडून गेले. लोकशाहीवर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी जनतेच्या मताने संसदेत बसला, याचं मला फार अप्रूप आहे.

त्यांनी स्वतःही एक पुस्तक मागे ठेवलं: हैदराबादच्या लढ्याच्या आठवणी, 1967 साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या. मी वाचलेली मराठी प्रत एका ग्रामीण ग्रंथालयातली. पुठ्ठा सुटलेला, कडेला वाळवीची बारीक नक्षी, आणि शेवटच्या पानावर चिकटवलेल्या तारखेच्या चिठ्ठीवर मोजकेच शिक्के. शेजारच्या स्पर्धा परीक्षांच्या गाइडांच्या चिठ्ठ्या मात्र दोन्ही बाजूंनी भरलेल्या. परीक्षेची पुस्तकं वाचणाऱ्या पोरांना मी दोष देणार नाही. त्यांना नोकरी हवी आहे. पण त्याच कपाटात, हातभर अंतरावर, त्यांच्याच जिल्ह्यात घडलेल्या माणसाची कहाणी पडून आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

स्वामीजी 22 जानेवारी 1972 रोजी गेले. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, चौकाचौकात तसबिरी आहेत. माझी विनंती जिल्ह्यातल्या ग्रंथपालांना आणि शिक्षकांना आहे. येत्या 17 सप्टेंबरला झेंडावंदन उरकल्यावर शाळा लगेच सोडू नका. या आठवणींतलं एक प्रकरण दहावीच्या वर्गात मोठ्याने वाचा, आणि पुस्तक त्याच दिवशी एका मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर द्या.