जपानी निसर्गचित्रांचा संग्रह (भाग 5) : समासातलं साल आणि शिक्का

लाल मंदिरासमोरून भर हिमवर्षावात छत्री तिरकी धरून चाललेली एक स्त्री. जपानी चित्रकार कावासे हासुई यांचं टोकियोतल्या झोजोजी मंदिराचं हे चित्र अनेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. त्याच्या समासात चित्राचं नाव आहे आणि 'ताइशो 14', म्हणजे 1925, हे सालही. नवा संग्राहक नेमका इथेच फसतो. हे साल चित्ररचनेचं आहे, हातातला कागद कधी छापला याचं नाही. छपाईचे लाकडी ठसे प्रकाशक वातानाबे शोझाबुरो यांच्याकडे असत आणि मागणी येईल तशा नव्या प्रती निघत. त्यामुळे एकाच चित्राच्या, एकच साल मिरवणाऱ्या दोन प्रतींच्या वयात कित्येक वर्षांचं अंतर असू शकतं, आणि किमतीतही.

मग वय ओळखायचं कशावरून? प्रकाशकाच्या शिक्क्यावरून. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बऱ्याच प्रतींवर समासात उभा, लांबट शिक्का दिसतो. त्यात वातानाबे यांचं नाव आणि हक्क राखल्याची नोंद असते. युद्धानंतर, साधारण 1946 ते 1957 या काळात, चित्राच्या खालच्या कोपऱ्यात जेमतेम 6 मिलिमीटरचा गोल शिक्का येतो. 1957 मध्ये हासुई गेले, पण छपाई थांबली नाही. नंतरच्या प्रती खोट्या नव्हेत. मात्र त्या नंतरच्या आहेत हे विक्रेत्याने सांगायलाच हवं.

सर्वांत दुर्मीळ प्रती 1923 पूर्वीच्या. त्या वर्षी 1 सप्टेंबरला टोकियो परिसरात महाभूकंप झाला आणि पाठोपाठ आगी लागल्या. वातानाबे यांच्या दुकानातले ठसे आणि छापील साठा खाक झाला, हासुईंच्या रेखाटनवह्याही जळाल्या. 1918 मध्ये शिओबाराच्या दृश्यांपासून सुरू झालेलं त्यांचं सुरुवातीचं काम आज जे दिसतं, ते तोवर विकलं जाऊन इतरांच्या घरी पोचलं होतं म्हणून. त्या पिढीच्या गिऱ्हाइकांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत.

शिक्का पाहून झाला की कागद उलटा करा. माझ्या मते चित्राची पाठ पुढच्या बाजूइतकीच बोलकी असते. छापताना ओलसर कागद ठशावर ठेवून कारागीर 'बारेन' नावाची, बांबूच्या सालपटात गुंडाळलेली चकती पाठीवरून जोर देऊन फिरवतो. रंग तुतीच्या कागदाच्या धाग्यांत मुरतो आणि पाठीमागेही उमटलेला दिसतो. तिरप्या उजेडात बारेनच्या गोलसर रेघाही कधी कधी सापडतात. याउलट भिंगाखाली एकसारख्या बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती यंत्रावर छापलेली नक्कल समजा.

पाठीवर जुन्या चिकटपट्टीचे पिवळे डागही सापडतील, तपकिरी ठिपकेही. थोडे डाग मी चालवून घेईन. उन्हाने उडालेला रंग मात्र नाही. हासुईंच्या चित्रात संध्याकाळचं आभाळ निळ्यातून फिक्या रंगात विरघळत जातं. तो उतार गेला, की चित्रातली संध्याकाळच गेली. फ्रेमसाठी समास कापलेली प्रतही शक्यतो टाळावी, कारण साल आणि शिक्का त्याबरोबर कात्रीखाली गेलेले असू शकतात.

हासुईंचे समकालीन चित्रकार योशिदा हिरोशी यांच्या चित्रांना वेगळी कसोटी लागते. त्यांनी पुढे स्वतःच प्रकाशन हाती घेतलं. एकाच ठशांवर रंग बदलून शिडाच्या होड्यांची सकाळ, दुपार, धुकं आणि रात्र त्यांनी छापली. भारतात येऊन गेल्यावर ताजमहालाचा दिवस आणि रात्रही चितारली. त्यांच्या प्रतीवर समासात 'जिझुरी' हा शिक्का शोधायचा. छपाई त्यांनी स्वतः केली किंवा त्यांच्या देखरेखीखाली झाली, याची ती खूण. 1950 मध्ये ते गेल्यानंतर निघालेल्या प्रतींवर ती सहसा नसते, आणि इंग्रजी सहीदेखील पेन्सिलीची नसून छापलेली असू शकते. ती भिंगाखाली धरून पाहा: पेन्सिलीच्या रेघेला चकाकी असते, शाईला नसते.