एक माड, पाच नावे

विदर्भातल्या एखाद्या शेतात ताडकुळातल्या झाडाचे दगड झालेले खोड सापडले, तर शास्त्रज्ञ त्याला पामॉक्सिलॉन म्हणतील. त्याच झाडाचे मूळ वेगळे सापडले तर ऱ्हायझोपामॉक्सिलॉन. पंख्यासारखे पान आणि त्यात देठाची शीर घुसलेली असेल तर सॅबालाइट्स, फळाला पामोकार्पॉन आणि परागकणाला आणखी निराळे नाव. झाड एक, प्रजाती पाच. बाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटेल, पण त्यामागे व्यवहार आहे. झावळ्या गळून तळ्यात जातात, फळे ओढ्याबरोबर वाहत जातात, खोड तिसरीकडेच गाडले जाते. लाखो वर्षांनी कोणते पान कोणत्या खोडाचे, हे सांगायला कोणी साक्षीदार नसतो.

म्हणूनच वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीने जीवाश्मांसाठी वेगळी वाट ठेवली. जीवाश्म वनस्पतींच्या नावांची गणती 31 डिसेंबर 1820 पासून सुरू होते. एखाद्या अवयवालाच स्वतंत्र प्रजाती मानण्याची मुभा नियमांत आहे. मात्र हयात झाडाचे नाव आणि जीवाश्माचे नाव एकाच प्रजातीची आहेत असे ठरले, तर हयात नाव टिकते, मग जीवाश्माचे नाव कितीही जुने असो.

पामॉक्सिलॉन ही प्रजाती शेंक या जर्मन शास्त्रज्ञाने 1882 मध्ये उभी केली, आणि तिथून घोळ वाढत गेला. माडाचे खोड आंब्या-सागासारखे वर्षागणिक जाड होत नाही. त्यात पाणी आणि अन्न वाहणाऱ्या नळ्यांची जुडगी विखुरलेली असतात. सालीजवळ ती दाट, गाभ्याकडे विरळ. प्रत्येक जुडग्याला चिवट तंतूंची टोपी असते, आणि तिचा आकार खोडाच्या कडेला एक, मध्यभागी दुसरा. बुंध्याजवळचा काप आणि शेंड्याजवळचा काप यांतही फरक पडतो. आता विचार करा. संशोधकाच्या हाती येतो वीतभर दगड. त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, जुडगी मोजली, टोपीचा आकार पाहिला आणि नवी जाती जाहीर केली. एकाच खोडाच्या चार तुकड्यांच्या चार जाती होण्याची सोय या पद्धतीतच होती.

हा घोळ आवरायला श्टेन्झेल या अभ्यासकाने 1904 मध्ये टोपीच्या आकारावरून गट पाडले: हृदयाकृती, मूत्रपिंडाकृती, चंद्रकोरीसारखे, बाणाच्या टोकासारखे. कैलासनाथ कौल यांनी 1935 मध्ये जुडग्यांऐवजी त्यांच्यामधल्या भरण-ऊतीवर बोट ठेवले. बिरबल सहानींनी भारतातल्या जीवाश्म ताडांचा मोठा फेरआढावा घेतला. तो छापून आला 1964 मध्ये, त्यांच्या निधनानंतर पंधरा वर्षांनी. मराठी वाचकाने लक्षात ठेवावे असे नाव मात्र पुण्याचे त्र्यंबक शंकर महाबळे यांचे. पुणे विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवणारे महाबळे हयात ताडांचे जाणकार होते. पामॉक्सिलॉन नावाची ही कृत्रिम प्रजाती सोडवायची कशी, यावर त्यांचा निबंध 1959 च्या सुमारास लखनौच्या ‘द पॅलिओबॉटनिस्ट’ या नियतकालिकात आला. माझ्या मते खरी दिशा हीच: आधी जिवंत झाडे उभी-आडवी नीट वाचा, मग दगडाला नाव द्या.

फळांचीही तऱ्हा तीच. थेम्सच्या मुखाजवळच्या शेपी बेटावरच्या चिकणमातीत निपा ताडाची ढीगभर फळे सापडतात. बावरबँकने 1840 मध्ये आकारावरून त्यांच्या डझनभर जाती केल्या. 1933 मध्ये रीड आणि चँडलर या दोघींनी त्या सगळ्या एकाच जातीत घातल्या. कारण साधे होते. निपाची फळे एका गोळ्यात दाटीने वाढतात आणि जागा मिळेल तसा प्रत्येकाचा आकार होतो.

आणि नाव चुकले तर नुसता कागद चुकत नाही. निपा आज सुंदरबनासारख्या खाड्यांच्या चिखलात वाढतो. त्याची जीवाश्म फळे छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानला, आजच्या किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत सापडली. लाव्हाच्या दोन थरांमध्ये गाडल्या गेलेल्या तिथल्या जुन्या तळ्यापर्यंत कधीकाळी समुद्र पोचला होता का, हा वाद अशाच पुराव्यांवर चालतो. दगडी फळाला ‘कोकॉस’, म्हणजे नारळाची प्रजाती, असे बेधडक नाव देणाऱ्यांचे मला म्हणूनच भय वाटते. नारळ म्हटले की उष्ण हवा आली, प्रवासाचा इतिहास आला, कुळाच्या वयाचा हिशेब आला. इतका भार पेलण्याइतकी त्या दगडाची तयारी असतेच असे नाही. त्यापेक्षा पामोकार्पॉन हे मोघम नाव प्रामाणिक आहे.

जिथे पुरावा आहे तिथे धाडसही करावे. मध्य प्रदेशातल्या शहापुऱ्याजवळच्या फळांना 1982 मध्ये हायफीनोकार्पॉन इंडिकम हे नाव मिळाले होते. 2019 मध्ये केली मात्सुनागा, स्टीव्हन मँचेस्टर, लखनौच्या रश्मी श्रीवास्तव, भंडाऱ्याचे दशरथ कापगते आणि सेलेना स्मिथ यांनी अशी फळे क्ष-किरण सूक्ष्म सीटी स्कॅनखाली घातली. दगड न फोडता आतली कोय, बी आणि भिंतींची रचना दिसली. फळ ताडगोळ्याच्या गणातले, त्यातही आपल्या पश्चिम किनाऱ्यावर फांद्या फोडून वाढणाऱ्या रावणताडाच्या गोतावळ्यातले निघाले. या गणाचा उगम क्रिटेशस काळापर्यंत मागे गेला, म्हणजे डायनासोर अजून हिंडत होते तेव्हापर्यंत.

लाव्हाच्या थरांमधले असे जीवाश्मांचे थर विदर्भातही आहेत. स्टीफन हिस्लॉप आणि हंटर यांनी नागपूर परिसरातल्या जीवाश्मांबद्दल 1855 मध्येच लिहिले. वर्धा जिल्ह्यातल्या नवरगावचे दगडी लाकूड अभ्यासकांना चांगले ठाऊक आहे. शेत नांगरताना किंवा विहीर खणताना ठिपक्याठिपक्यांचा जड दगड हाती आला, तर तो फोडू नका, शोभेसाठी विकू नका. कोणत्या गावात, कोणत्या गटात, किती खोलीवर सापडला ते लिहून ठेवा, तुकडे एकत्र ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्र किंवा भूशास्त्र विभागाला कळवा.