‘सैराट’ची गाणी, ‘धडक’चा वाद

उमरखेडमध्ये लग्नाच्या वरातीत ‘झिंगाट’ लागलं की कुणी समीक्षा वाचत बसत नाही. पण संगीतकार जोडी अजय-अतुलच्या चाहत्यांत एका प्रश्नावर हमखास जुंपते: ‘सैराट’चा हिंदी रिमेक असलेल्या ‘धडक’च्या संगीतावर झालेली टीका रास्त होती का?

नागराज मंजुळेंचा ‘सैराट’ 29 एप्रिल 2016 ला आला. गाणी मोजून चार. त्यांचा वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित झाला. हेडफोन लावून ‘याड लागलं’ ऐकलं की खर्च कुठे झाला ते कळतं: व्हायोलिनचा ताफा लाटेसारखा चढतो आणि त्यावर अजयचा रांगडा आवाज. एवढी भव्यता गावाकडच्या प्रेमाला शोभते का, अशी शंका काहींना येते. का शोभू नये? सिम्फनी काय फक्त शहरी नायकांसाठी असते?

2018 च्या ‘धडक’मध्येही गाणी चारच. ‘झिंगाट’ हिंदीत आलं, ‘याड लागलं’ची चाल ‘पहली बार’ला मिळाली. मराठी चाहते इथेच खवळले. अमिताभ भट्टाचार्यांच्या शब्दांत मूळचा गावरान धिंगाणा उरला नाही, ही तक्रार पटण्यासारखी आहे. मात्र ‘वारा रे’ आणि शीर्षकगीत नवीन होतं, हे रागाच्या भरात अनेक जण विसरतात.

शिवाय जुनी चाल हिंदीत नेण्याची या जोडीची ही पहिलीच वेळ नव्हती. ‘अग्निपथ’ची ‘चिकनी चमेली’ म्हणजे ‘जत्रा’तली ‘कोंबडी पळाली’च!